आकाशाची वहिवाट

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेल्या कुंभकोणम नगरीत ज्या मराठी कुटुंबांचे वास्तव्य तंजावरच्या भोसले राजांच्या काळापासून आहे, त्यांच्या घरांत ओसरीवर तमिळ आणि माजघरात मराठी अशी भाषेची वाटणी पिढ्यानुपिढ्या चालत आलेली आहे. आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारे राजा सर टी. माधवराव ज्या गावी १८२८ साली जन्मले, त्या गावच्या मराठी मंडळींना आपल्या भाषेचा अभिमान महाराष्ट्रातून उसना आणावा लागत नाही. तथापि आज महाराष्ट्रात जी मराठी बोलली जाते ती रोज कानांवर पडावी, अशी इच्छा त्यांच्यापैकी पुष्कळांना असते, आणि ती पुरी करणारे साधन त्यांच्या हाती फार उशिरा आले. पुढील संवाद अशाच एका घरातला आहे. त्यातील आत्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा भाचा चेन्नईत संगणकाच्याच व्यवसायात आहे. मी त्यांचा पुण्याकडील आप्त, श्रोता या नात्याने उपस्थित होतो. त्यांच्या बोलण्याला तंजावरी मराठीचे जे गोड वळण आहे ते लेखणीने उमटविण्याचा अट्टहास न धरता दोघांचेही म्हणणे मी प्रमाण मराठीत उतरविले आहे.

वादाचे निमित्त होते गच्चीवरील छत्री. सन डायरेक्ट या कंपनीची सेवा २००७ च्या अखेरीस सुरू झाली, त्यानंतर लवकरच ती या घरावर चढली. पुढे घरात ब्रॉडबँड आले, वर्गणी भरणे आपोआप थांबले, सेट-टॉप बॉक्स कपाटात गेला, आणि छत्री तेवढी ऊनपाऊस सोशीत जागच्या जागी राहिली. ती उतरवून भंगारात द्यावी, असे भाच्याचे मत होते. तिच्यापासून खाली येणारी केबल संगणकात बसविलेल्या उपग्रह-ट्यूनर कार्डाला जोडावी, अशी आत्यांची तजवीज होती, आणि कार्ड त्यांनी आधीच मागवून ठेवले होते.

"आत्या," भाचा म्हणाला, "तुम्हाला सह्याद्री वाहिनीच पाहावयाची ना? ती मोबाइलवर येते. तिचे जुने कार्यक्रम यूट्यूबवरही सापडतात. ब्रॉडबँडचे पैसे आपण एरवीही भरतोच. मग गच्चीवर चढणे, गंजलेले बोल्ट सैल करणे, संगणक उघडून त्यात कार्ड बसविणे आणि वर त्याचे सॉफ्टवेअर जुळवीत बसणे, हा सारा उपद्व्याप कशासाठी?"

"अरे, मोबाइलवर जे येते ते मी मागितल्यावर येते, देणारा आधी माझी ओळख पाहतो, मी काय पाहिले, कोठे थांबले याची नोंद ठेवतो, आणि मग देतो. गच्चीवर जे पडते आहे ते मी मागो न मागो, अहोरात्र पडतेच आहे. प्रसार भारतीची डीडी फ्री डिश ही सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो ११ नोव्हेंबर २०१५ रोजी फ्रेंच गयानातील कूरू येथून सोडला, आणि विषुववृत्ताच्या माथ्यावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो उभा आहे. या सेवेला मासिक वर्गणी नाही, आणि सह्याद्रीला कुलूप नाही. ज्या कंपनीसाठी ही छत्री बसविली तिचेही प्रक्षेपण त्याच स्थानावरून होते. छत्री आहे, केबल आहे, आकाशातून पाझरणारे धन आहे. मध्ये एक ग्राहक-यंत्र तेवढे हवे. ते मी माझ्या संगणकात बसविणार."

"स्थान तेच असेल तर छत्रीला हात लावण्याचेही कारण नाही. केबल जोडली की काम झाले."

"तेथेच तू चुकतोस. कंपनीची सेवा सुरू झाली तेव्हा ९३.५ अंशांवर इन्सॅट-४बी होता. जुलै २०१० मध्ये त्याच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला, त्याचे निम्मे ट्रान्स्पाँडर बंद करावे लागले, आणि कंपनीने आपला मुक्काम ९१.५ अंशांवरील मलेशियाच्या मीसॅट-३ या उपग्रहावर हलविला. त्या वेळी माणूस येऊन आपल्या छत्रीचे तोंड फिरवून गेला, ते मला चांगले आठवते. त्यानंतर तिला कोणी शिवलेले नाही. म्हणजे आज ती योग्य जागेच्या दोन अंश पश्चिमेकडे पाहते आहे."

या दोन अंशांपाशी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण जुनी छत्री नव्या कामाला लावणाऱ्या बहुतेक माणसांचे गाडे याच ठिकाणी अडते आणि दोष मात्र बिचाऱ्या संगणकाच्या कार्डाला लागतो. साठ सेंटिमीटर व्यासाच्या छत्रीची दृष्टी या लहरींच्या बाबतीत सुमारे तीन अंश रुंद असते, म्हणजे मध्यापासून दोहो बाजूंना दीड अंश. उपग्रह दोन अंश बाजूला असला तर त्याच्याकडून येणारी शक्ती तिसऱ्या हिश्श्यावर येते, आणि शिवाय शेजारचा उपग्रह बरोबर मध्यभागी बसून आपला गोंगाट मिसळीत असतो. आत्यांनी वहीत कुंभकोणमचे अक्षांश-रेखांश मांडून त्रिकोणमितीने काढलेला हिशेब मी पाहिला. जीसॅट-१५ या गावाहून उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने १२७ अंशांवर, म्हणजे आग्नेयेच्या किंचित पूर्वेला, आणि क्षितिजापासून ६९ अंश उंचीवर दिसतो. पुण्याहून तोच उपग्रह ५९ अंशांवर दिसतो. मीसॅटची दिशा कुंभकोणमहून साडेएकशे एकतीस अंश आणि उंची एकाहत्तर. म्हणजे आकाशात जे अंतर दोन अंशांचे, ते छत्री खांबाभोवती फिरविताना जवळजवळ साडेचार अंशांचे होते आणि उंची शिवाय दोन अंशांनी उतरवावी लागते. उपग्रह डोक्यावर जितका अधिक येईल तितका हा भेद वाढतो. हे न जाणता जो मनुष्य खांबावर दोनच अंश मोजून थांबतो, तो अर्ध्या वाटेत उभा राहतो. आणि साडेचार अंश म्हणजे तरी किती? दोन इंची खांबाच्या परिघावर जेमतेम दोन मिलिमीटर.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे काम प्रत्यक्ष सुरू झाले आणि वादही त्याबरोबरच पुढे चालला. भाचा पाना घेऊन गच्चीवर, आत्या खाली संगणकासमोर, मी जिन्यात. दोघांच्या हाती फोन. गच्चीवरून समोर देवळांची गोपुरे दिसत होती. ज्या गावातील नागेश्वराच्या मंदिरात चित्तिरै महिन्याच्या ठराविक दिवशी सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यातील लिंगावर पडतील अशी रचना जुन्या स्थपतींनी करून ठेवली, त्या गावाला कोनांचा हिशेब नवा नाही, असे मला तेथे उभे असताना वाटले. पुढे आत्यांनी सांगितले ते मात्र मला ठाऊक नव्हते: मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबरच्या अखेरीस काही दिवस, सकाळी अकराच्या आसपास, सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो, तेवढी काही मिनिटे सूर्याच्या स्वतःच्या लहरींनी चित्र विस्कटते, परंतु ज्याला छत्रीची दिशा ठरवावयाची आहे त्याला त्या वेळी सूर्यच बोट करून उपग्रह दाखवितो. लोखंडी खांबाजवळ भरकटणाऱ्या होकायंत्रापेक्षा ही खूण कितीतरी विश्वसनीय.

छत्रीपुढे आलेल्या दांड्यावर जो डबा असतो, ज्याला सगळे एलएनबी म्हणतात, त्याचे प्लास्टिकचे झाकण उन्हाने तडकले होते आणि त्यावर कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते. केबलच्या टोकाशी तांब्याची तार हिरवी पडली होती. भाच्याने ती स्वच्छ तांबे लागेपर्यंत कापीत नेली आणि नवे कनेक्टर पिळून बसविले. एलएनबीही नवा लावला. त्याचे कार्य समजून घेण्यासारखे आहे. आकाशातून ११,०९० मेगाहर्ट्झवर आलेली लहर एवढ्या लांब केबलमधून उतरू शकत नाही, वाटेतच विरून जाईल. म्हणून एलएनबी तिच्यातून स्वतःची ९,७५० ची लहर वजा करून उरलेले १,३४० मेगाहर्ट्झ खाली पाठवितो. त्याला लागणारी वीज केबलमधूनच वर जाते: कार्डाने १३ व्होल्ट दिले तर तो उभ्या ध्रुवणाच्या लहरी घेतो, १८ दिले तर आडव्या. वजाबाकीसाठी ९,७५० घ्यावयाचे की १०,६०० हेही त्याला खालूनच, २२ किलोहर्ट्झचा बारीक सूर लावून किंवा न लावून, कळविले जाते. उपग्रहाच्या तुलनेत आपण बाजूला उभे असल्यामुळे एलएनबी आपल्या पकडीत बराच कलता बसवावा लागतो, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही.

"किती?" वरून विचारणा झाली.

"ताकद पंच्याहत्तर टक्के, गुणवत्ता शून्य."

"पंच्याहत्तर म्हणजे पुष्कळ झाले की!"

"ताकदीकडे पाहू नकोस. एलएनबी जिवंत आहे एवढेच ती सांगते. छत्री कोऱ्या आकाशाकडे वळविलीस तरी ती तेवढीच राहील. पूर्वेकडे आण. अगदी केसभर. थांब. आणखी."

गुणवत्तेचा आकडा बराच वेळ शून्यावर होता, आणि मग एकदम, मधल्या पायऱ्या न घेता, अकरा डेसिबलवर उभा राहिला. आत्यांनी ध्रुवण उभे आणि सिंबॉल रेट २९,५०० ही माहिती टीव्हीहेडएंड नावाच्या प्रणालीत आधीच भरून ठेवली होती. आता पडद्यावर वाहिन्यांची नावे एकेक करून उतरू लागली, आणि त्यांत डीडी सह्याद्री दिसताच त्यांनी भाच्याला बोल्ट आवळण्यास सांगितले. बोल्ट आवळताना छत्री पुन्हा किंचित सरकते. तेव्हा दोन्ही बाजूंचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावे लागतात, आणि आकडा उतरला तर पुन्हा पहिल्यापासून.

भाचा खाली आला तेव्हा त्याचे हात गंजाने माखलेले होते, पण मत बदललेले नव्हते. "ठीक. चित्र आले. पण हेच फ्री डिशचा साधा बॉक्स आणून झाले असते. एकदा थोडे पैसे मोजले की संपले. पुढे वर्गणी नाही. तो बॉक्स दहाएक वॅट वीज खातो आणि बटण दाबले की चालतो. संगणक त्याच्या कित्येक पट वीज खाणार, मध्येच अद्ययावत होण्यासाठी अडून बसणार. लोकांना चित्र हवे असते, कारखाना नको असतो."

"बॉक्स जे दाखवितो तेवढेच मी पाहू शकते. मघाशी तू वर असताना मला डेसिबल दिसत होते, चुकांचे प्रमाण दिसत होते. म्हणूनच मी तुला केसभर सरकव म्हणू शकले. उद्या चित्र बिघडले तर बॉक्स एकच वाक्य लिहून दाखवील की सिग्नल नाही. संगणक सांगेल की पावसाने उतरला, की केबलमध्ये पाणी गेले, की छत्री हलली. शिवाय नोंद ठेवणे. सह्याद्रीवर एखादे कीर्तन, एखादी मुलाखत लागते. ती मला ठेवून द्यावयाची असते. संगणक आलेला प्रवाह जसाच्या तसा, एक अंशही न बदलता लिहून घेतो. तासाला दीड-दोन गिगाबाइट. एका टेराबाइटच्या डिस्कवर पाचशे तास सहज राहतात. आणि विजेचे म्हणशील तर ठरलेल्या वेळी जागा होऊन, काम होताच झोपी जाणारा संगणक लावणे तुझ्यासारख्याला अवघड नाही."

"ते मोबाइलवरही साठविता येते."

"कोणाच्या तरी मर्जीने. आज आहे, उद्या काढून घेतले. माझ्या डिस्कवरचे काढून घेण्यास कोणाला तरी माझ्या घरी यावे लागेल."

या मुद्द्यावर मी आत्यांच्या बाजूचा आहे, हे येथेच नमूद करतो. ज्या घराण्याची भाषा साडेतीनशे वर्षे परमुलखात टिकली, ती टिकण्याचे एक मोठे कारण संग्रह हे आहे. सरफोजीराजांनी सरस्वती महालात ग्रंथ जमविले, मोडी दफ्तरे राखली गेली, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र १८०३ साली मराठीत कोरले गेले. तंजावरातच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी देवनागरी छापखाना घालून इसापनीतीचे मराठी रूपांतर 'बालबोध मुक्तावली' छापण्यात आले. सरफोजीने पाश्चात्त्यांचे छापण्याचे तंत्र नुसते पाहिले नाही, ते आपल्या राजधानीत आणून आपल्या माणसांच्या हातांत दिले. आपल्यापर्यंत पोचलेले शब्द आपल्याच ताब्यात ठेवण्याची ती परंपरा छापखान्यापाशी येऊन संपावी, असे कोणत्या न्यायाने म्हणावयाचे?

भाच्याने मात्र विषय दुसरीकडे नेला. "बरे, या यादीत सन डायरेक्टच्याही वाहिन्या दिसतात. त्यांचे काय?"

"नावे दिसतात, चित्र दिसत नाही. त्यांचा प्रवाह कुलूपबंद आहे, आणि किल्ली त्यांच्या बॉक्समधील कार्डात असते. ते कुलूप फोडण्याच्या युक्त्या सांगणारे असतात. माझ्या घरात ते चालणार नाही. ज्याने कुलूप लावले त्याने आपला माल विकावयास ठेवला आहे, तो हवा असेल तर पैसे देऊन घ्यावा. जे उघडे ठेवले आहे तेवढ्यावरच माझी वहिवाट."

"आणि पुढे वर्गणी भरून तो बॉक्स पुन्हा लावावासा वाटला, तर केबलला दोन फाटे फोडू?"

"नाही जमावयाचे. बॉक्सने अठरा व्होल्ट दिले आणि त्याच क्षणी संगणकाने तेरा दिले तर एलएनबीने कोणाचे ऐकावे? एकाच बैलाला दोघांनी दोन दिशांना हाकण्यासारखे होईल. दोन तोंडांचा एलएनबी आणून प्रत्येकाला स्वतंत्र केबल द्यावी लागेल."

दुपारी जेवणानंतर भाचा पुन्हा या विषयाकडे वळला, आणि या वेळी त्याचे म्हणणे मला अधिक भारदस्त वाटले. तो म्हणाला, "आत्या, तुम्हाला हे जमले, कारण तुम्हाला गणित येते, आणि आज मी गच्चीवर होतो. ऑक्टोबरात ईशान्येचा पाऊस सुरू झाला की या लहरी पाण्यात विरतात. २०१८ च्या नोव्हेंबरात गज चक्रीवादळाने या साऱ्या पट्ट्याची काय दशा केली ते आपण पाहिले. असे वादळ आले तर छत्री दोन मिलिमीटर नव्हे, पूर्ण फिरेल. तुम्ही एकट्या असताना पुन्हा कोण बसविणार? ज्ञान एका माणसाच्या डोक्यात राहिले की त्याला मी स्वातंत्र्य म्हणत नाही. ते परावलंबनच, फक्त कंपनीऐवजी एका व्यक्तीवर."

आत्यांनी लगेच उत्तर दिले नाही. नंतर त्या म्हणाल्या, "हे तुझे म्हणणे मला मान्य आहे. पण त्यावरचा उपाय ज्ञान सोडून देणे हा नव्हे, पसरविणे हा आहे. १९७५ च्या १ ऑगस्टपासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाकडून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत दूरदर्शन दाखविले गेले. साइट म्हणत त्या प्रयोगाला. जाळीच्या तीन मीटरच्या छत्र्या, वीज जेमतेम पोचलेली गावे, आणि त्या यंत्रांची देखभाल करणारी आपलीच माणसे. त्या कामाची धुरा वाहणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. आपल्या तमिळनाडूचा त्यात समावेश नव्हता, पण ते वृत्त वाचून आम्ही शिक्षक मंडळी हरखून गेलो होतो. समुद्रापलीकडे कोलंबोत आर्थर क्लार्क राहात. अशा स्थिर उपग्रहांची कल्पना त्यांनी १९४५ सालीच लेख लिहून मांडलेली. त्या प्रयोगाच्या काळात आपल्या सरकारने त्यांच्या घरावरही एक छत्री बसवून दिली. त्या वेळी उपग्रहाकडून थेट चित्र घेणे ही सरकारची आणि शास्त्रज्ञांची मिरास होती. आज तेच काम या घरच्या गच्चीवर होते, आणि तू म्हणतोस की बटण असलेला बॉक्स आणा."

"साइटच्या पाठीशी सरकार होते, अहमदाबादचे केंद्र होते. तुमच्या पाठीशी कोण आहे?"

"हे सॉफ्टवेअर लिहिणारे आहेत. क्लाउस श्मिडिंगर नावाच्या जर्मन गृहस्थांनी २००० च्या सुमारास संगणकावर उपग्रहाचे कार्यक्रम नोंदण्याची प्रणाली लिहिली आणि सर्वांना मोकळी दिली. मी वापरते ती टीव्हीहेडएंड तिच्यानंतरची, तीही अनेकांनी मिळून जोपासलेली. आणि आपल्याच किनाऱ्याकडचे लोक आठव. १९८२ साली श्रीलंकेत रूपवाहिनी सुरू झाली, तेव्हा येथील लोकांनी कोणाचा हुकूम न घेता उंच बांबूवर ॲल्युमिनियमचे अँटेना चढवून दक्षिणेकडे वळविले आणि क्रिकेट पाहिले. कोणत्या वाऱ्यात बांबू किती वळवावयाचा हे गल्लीतल्या पोरांना ठाऊक असे. ते ज्ञान एका डोक्यात नव्हते."

"त्या पोरांना दुसरा पर्याय नव्हता, आत्या. पर्याय आला तेव्हा त्यांनीच बांबू उतरविले. सोय ही काही अधोगती नव्हे. आणि तुम्ही ज्या नोंदीवर रागावता, कोणी काय पाहिले त्या नोंदीवर, तिची दुसरी बाजूही पाहा. मोबाइलवर तुम्ही सह्याद्री पाहिलीत तर कुंभकोणमात एक मराठी प्रेक्षक आहे हे तिला कळते. गच्चीवरून पाहिलीत तर कोणालाच कळत नाही. ज्याला प्रेक्षक दिसत नाहीत तो एक दिवस म्हणेल की महाराष्ट्राबाहेर या वाहिनीची गरज नाही. फ्री डिशवर खासगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन येतात. जागेला किंमत आहे. तुमची अदृश्य वहिवाट त्या हिशेबात कोठे धरली जाणार?"

हा मुद्दा मला अनपेक्षित होता, आणि आत्यांनाही असावा. प्रक्षेपण हे सूर्यप्रकाशासारखे सर्वांवर सारखे पडते, पाहणाऱ्याची चौकशी करीत नाही, यातच त्याची थोरवी आहे, असे मी मानीत आलो. परंतु जो चौकशी करीत नाही त्याला आपण आहोत हेही कळत नाही, ही त्याच थोरवीची दुसरी बाजू. सार्वजनिक प्रक्षेपण हे करदात्यांच्या पैशाने चालणारे काम असल्यामुळे त्याचे मूल्य प्रेक्षकांच्या गणतीवर ठरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तंजावर, इंदूर, हैदराबाद येथील मराठी घरे थोडी आहेत म्हणून त्यांचा हक्क थोडा होत नाही. मात्र हक्क आहे हे कोणीतरी बोलून दाखविले पाहिजे, आणि या बाबतीत भाच्याचे म्हणणे खोडून काढता येईल असे मला वाटत नाही.

"मग अर्ज करावा," आत्या म्हणाल्या. "प्रसार भारतीला कळवावे की आम्ही येथे आहोत, फ्री डिशवर सह्याद्री पाहतो, आणि ती अशीच उघडी राहावी. गणतीत धरले जाण्यासाठी स्वतःवर पाळत ठेवू द्यावी लागते, हे मला मान्य नाही. पत्र लिहून, खाली सही करूनही माणसाची गणती होते. माधवरावांच्या गावात अर्जाचा मसुदा करणारा न मिळण्याइतकी वेळ अजून आलेली नाही. या गावातील मराठी घरांच्या सह्या मी गोळा करीन. तमिळमध्येही प्रत करू, कारण शेजारच्या घरांतही फ्री डिशच्या छत्र्या आहेत आणि त्यांना त्यांची वाहिनी तितकीच हवी आहे."

"आणि छत्री फिरली तर?"

"ते तू लिहून द्यावयाचे. कोणता बोल्ट कोठे, पाना कोणत्या मापाचा, खांबावर खुणेची रेघ कोठे मारली आहे, टीव्हीहेडएंडमध्ये कोणते आकडे कोठे भरले, सारे मराठीत आणि तमिळमध्ये. कोपऱ्यावरच्या वीजतंत्र्याच्या मुलाला मी बोलावणार आहे. त्याला हे शिकावयाचे आहे, आणि साइन-कोसाइनची त्याची तयारी मी करून घेईन."

भाच्याने लिहून देण्याचे कबूल केले. ब्रॉडबँड बंद करू नये ही अट मात्र त्याने सोडली नाही, आणि आत्यांनीही ती मोडली नाही. पावसाच्या दिवसांत ते उपयोगी पडेल असे त्या म्हणाल्या. संध्याकाळी तो पुन्हा गच्चीवर गेला, खांबावर आणि छत्रीच्या पकडीवर मिळून जाणारी एक रेघ त्याने तैलरंगाने ओढली, एलएनबीच्या सांध्यावर पाणी शिरू नये म्हणून रबरी पट्टी गुंडाळली, आणि खाली येऊन वहीत पहिल्या पानावर १२७ आणि ६९ हे दोन आकडे लिहिले. दोन तोंडांच्या एलएनबीची चौकशी बाजारात करावी की नाही, यावर दोघांचे एकमत झालेले नव्हते.